चिंबोरी बांधायचा धडा

चिंबोरीने मुलीचं बोट धरलं तेव्हा मी भिंतीलगतच्या खुर्चीत गप्प बसले होते. मुलगी ओरडली आणि हात झटकायला लागली. चिंबोरी, म्हणजे खाडीतला मोठा खेकडा, बोटाला लोंबकळत होती, सोडत नव्हती. वर्गातली वीस-बावीस मुलं उठून मागे सरकली, त्यात एक बाक आडवं झालं. मॅडम "कापड आणा, कापड!" म्हणत होत्या. कापडाने काय होणार होतं? माझी नात टेबलापाशी हातात कागद धरून नुसती उभी होती. पुढे काय करायचं ते तिच्या कागदात नव्हतं.

मला बोलायला बंदी होती. तज्ज्ञाने समोर बसायचं पण तोंड उघडायचं नाही, अशी त्यांच्या परीक्षेची अट होती. तज्ज्ञ म्हणजे मी. मी एक-दोन श्वास अट पाळली, मग उठले.

"ओढू नको! ओढलं की ती आणखी आवळते. हात बादलीत घाल!"

तिला ऐकू जात नव्हतं. मी तिचं मनगट धरून हात बादलीतल्या पाण्यात दाबला. चिंबोरीने लगेच सोडलं. पाण्यात तिला पळायला वाट मिळते, मग बोट धरून ती काय करणार? नखाच्या बाजूला फाटलं होतं, रक्त येत होतं. बोट शाबूत होतं.

मुलीच्या बोटाला पट्टी लागल्यावर मॅडम नातीला म्हणाल्या, "तज्ज्ञ बोलल्या, म्हणजे चाचणी इथेच थांबली. तुझा धडा वापरून शिकणाऱ्याला काम जमलं नाही. उलट इजा झाली."

नात म्हणाली, "हो मॅडम."

"आठ दिवस देते. काय चुकलं ते शोध. तेव्हाही नाही जमलं, तर हा विषय पुढच्या वर्षी परत घे."

काय चुकलं ते मला तिथे उभ्या उभ्या माहीत होतं. चूक नातीची नव्हती. तिचा धडा चांगला होता. त्यात मी खोटं घातलं होतं.

नात शिक्षणशास्त्रात एम.ए. करते, ठाण्यातच नौपाड्याच्या बाजूला तिचं कॉलेज आहे. या सत्रात तिने इन्स्ट्रक्शनल डिझाइन नावाचा विषय घेतला होता. मी विचारलं, हे काय असतं.

"शिकवायचं कसं, ते आधी आखायचं, आजी."

"त्यात आखायचं काय गो? शिकवायचं."

"तुला चिंबोरी बांधायला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आयेच्या बाजूला बसले. दोनदा बोट फाटलं. मग आलं."

"बघ. आता समज, तुझी आये तिथे नाही. नुसता तिने करून ठेवलेला धडा आहे. तो बघून तुला बोट न फाटता आलं पाहिजे. असा धडा बनवणं, हा माझा विषय."

मला ते एकदम पटलं. खरं सांगते, अंगात उत्साह आला. आमच्या कोलशेतच्या खाडीवर इतक्या बायकांनी इतक्या वर्षांत बोटं फाडून घेतली, पण याचा कोणी विचार केला नव्हता. आणि कॉलेजात बसून लोक हाच विचार करतात! मी चौथी शिकले. मला वाटायचं, कॉलेजात नुसती पुस्तकं पाठ करतात.

तिच्या वर्गातल्या कोणी मोदक वळायचा धडा घेतला, कोणी बँकेचा फॉर्म भरायचा, कोणी सायकलचं पंक्चर काढायचा. माझ्या नातीने घेतली जिवंत चिंबोरी बांधणं. मॅडमनी तिला सांगितलं होतं, अवघड आहे, विचार कर. तिने सांगितलं, "माझी आजी तीस वर्षं हेच करतेय." म्हणजे तिने सगळा विषय माझ्या भरवशावर लावला होता.

आता मी काय केलं ते सांगते.

खाडीतली जिवंत चिंबोरी बांधताना आम्ही तिच्या पाठीवर पाय देतो. दोन्ही हात सुतळीला लागतात, मग तिला धरणार कोण? मागच्या बाजूने अनवाणी पाय ठेवायचा. नांग्या मागे पोचत नाहीत. मग वाकून दोन्ही नांग्या अंगाशी मिटवून सुतळी फिरवायची. खाडीवरची प्रत्येक बाई हेच करते, पण गिऱ्हाईकासमोर कोणी करत नाही. मी नवीन असताना नौपाड्यात पाटी घेऊन बसायचे आणि तिथेच सगळ्यांसमोर बांधायचे. एक बाई चिंबोऱ्या निवडून पिशवी उघडून उभी होती. माझा पाय बघितला आणि म्हणाली, "शी! पाय लावलेलं आम्ही खायचं?" ती गेली, तिच्या मागच्या दोघीही गेल्या. त्या दिवसापासून मी खाडीच्या काठावरच सगळ्या बांधून घ्यायचे आणि बांधलेल्याच घेऊन बाजारात जायचे. अन्नाला पाय लावलेला कोणाला दिसू द्यायचा नाही, हे इतकं अंगात मुरलं की घरीसुद्धा कधी बोलले नाही. सून ऑफिसात जाणारी, तिने खाडीचा काठ कधी बघितला नाही. नातीने चिंबोरी बघितली ती बांधलेलीच.

नात मोबाईलवर व्हिडिओ काढणार, तो कॉलेजातली मोठी माणसं बघणार, म्हटल्यावर मी पाय दाखवणार होते होय? ती घरी यायच्या आधी मी दोन चिंबोऱ्या बर्फात ठेवल्या. थंडीने चिंबोरी सुस्त पडते, मरत नाही. मग मी तिच्यासमोर बसून ऐटीत दाखवलं, "हे बघ, डावा हात पाठीवर. उजव्या हाताने सुतळी." सुस्त चिंबोरी मुकाट बांधून घेत होती. नातीने सगळं टिपलं, एकेक पायरी लिहिली, चित्रं काढली. वर मला म्हणाली, "किती सोपं करतेस तू!"

परीक्षेच्या दिवशीही मी बादलीत बर्फ भरला. तिला सांगितलं, ताज्या राहतात. आम्ही बसने निघालो आणि घोडबंदर रोडला लागलो तशी बस अडकली. माजिवड्याच्या पुलाखाली तर तासभर जागची हलली नाही. बादली माझ्या पायाशी होती. आधी बर्फ बादलीच्या कडेला लागून वाजत होता, मग वाजायचा थांबला. मग आतून खरखर ऐकू यायला लागली. चिंबोऱ्या जाग्या झाल्या होत्या. मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी बोलले नाही. वाटलं, मुलगी हुशार असेल, जमवेल.

ती मुलगी डोंबिवलीची. तिच्या घरात अंडंही येत नाही. नवशिका माणूस हवा म्हणून नातीने तिलाच विचारलं आणि ती हसत तयार झाली. धड्यात लिहिल्याप्रमाणे तिने जाग्या चिंबोरीच्या पाठीवर हात ठेवला.

रविवारी दुपारी ती मुलगी आमच्या घरी आली. बोटाला पट्टी होती. मी म्हटलं, "घरी काय सांगितलंस?"

"दारात सापडलं म्हणून सांगितलं. चिंबोरी म्हटलं असतं तर बोटाआधी मला आंघोळ घातली असती."

मला ती आवडली. दोघी पोरी खाटेवर बसून मोबाईलवर माझा व्हिडिओ बघत होत्या. थांबवायच्या, मागे न्यायच्या, पुन्हा बघायच्या. मी चहा टाकला. तेवढ्यात डोंबिवलीची म्हणाली, "आजी, ही चिंबोरी डोळेसुद्धा हलवत नाहीये. माझी तर डोळे वर काढून माझ्याकडे बघत होती."

नातीने व्हिडिओ थांबवला. माझ्याकडे वळली. "आजी?"

मी गॅस बंद केला. "बर्फात ठेवली होती."

"आणि वर्गातल्या?"

"त्याही. माजिवड्याला वितळला."

नात उभी राहिली. तिला राग आला की ती हळू बोलते. "मी आख्खा विषय तुझ्यावर लावला, आणि तू मला झोपलेली चिंबोरी दाखवलीस?"

"चुकलं," मी म्हटलं. एकदाच म्हटलं. शंभरदा म्हणून बोट भरून येत नाही.

"मग खरं कसं करतेस?"

"पायाने."

दोघी माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता 'शी' म्हणणार. नात म्हणाली, "दाखव." तिने वही ओढली तीही इतक्या जोरात की पेन खाली पडलं. डोंबिवलीची तर खाटेवरून खाली फरशीवर येऊन बसली, जवळून दिसावं म्हणून.

घरात चिंबोरी नव्हती. मी उशी घेतली आणि तिच्यावर पाय ठेवून दाखवलं. मग नातीचे प्रश्न सुरू झाले.

"कुठला पाय?"

"डावा."

"नेहमी डावाच?"

मी कधी बघितलंच नव्हतं. उठून करून बघितलं. "हो गो, डावाच. उजवा ठेवला तर तोल जातो."

"टाच की चवडा?"

"चवडा. टाचेला कळत नाही खाली काय आहे."

"चप्पल घालून चालेल?"

"चप्पल घातली तर कवच फुटेल. पायाला ती कळली पाहिजे. ती दम धरते, अंग ताठ करते, मग सोडते. सोडली की सुतळी घालायची."

"दम धरते?" नात लिहायची थांबली. "हे तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

नातीच्या धड्यात आधी सहा पायऱ्या होत्या. त्या दुपारी एकोणीस झाल्या. सुतळी आधी भिजवून घ्यायची, कोरडी घसरते. मोठी नांगी आधी मिटवायची, लहान नंतर. गाठ पुढे मारायची नाही, मागच्या पायांच्या मध्ये मारायची. मी एकेक सांगत होते आणि मलाच मजा वाटत होती. हे सगळं माझ्या अंगात होतं आणि मला माहीत नव्हतं! तीस वर्षं मी लोकांना सांगत आले, त्यात काय आहे, सवयीने येतं. सवयीने काही येत नाही. एकोणीस गोष्टी येतात.

एका ठिकाणी गाडी अडली. नात म्हणाली, "पाय किती दाबायचा?"

"दाबतात तेवढा."

"आजी, 'दाबतात तेवढा' असं धड्यात लिहिलं तर मॅडम मला बाहेर काढतील. कमी झाला तर ती सुटते. जास्त झाला तर फुटते. नवीन माणसाला किती ते कळणार कसं?"

मी म्हटलं, "दोन-तीन फुटल्या की कळतं."

"तेच तर नकोय!"

आम्ही वजनकाटा घेऊन बघितला. काट्यावर पाय ठेवून नुसता आकडा कळतो, पायाला काही कळत नाही. कणकेचा गोळा घेतला, तो चपटा झाला. मग डोंबिवलीची स्वयंपाकघरात गेली आणि परत येऊन म्हणाली, "आजी, हे चालेल का?" तिच्या हातात पिकलेला टोमॅटो होता.

मी टोमॅटो फरशीवर ठेवला, चवडा ठेवला, दाबला. डोळे मिटून दाबला. "थोडा आणखी," माझं मला म्हटलं. आणि एका जागी आले. "हाच! एवढाच. टोमॅटो जरा बसला पाहिजे, पण साल फुटता कामा नये."

नातीने एक फोडला. दुसरा फोडला. तिसरा राहिला. डोंबिवलीचा पहिलाच राहिला, आणि ती टाळ्या वाजवत नाचली. आम्ही तिघी अनवाणी, फरशीवर लाल चिखल, आणि तेवढ्यात सून बाजारातून आली.

ती दारातच थांबली. "आई, हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "अभ्यास."

"कोणाचा?"

"माझा," नात म्हणाली.

"मग फरशी तूच पुसायची. आणि आज रस्सा टोमॅटोशिवाय होईल, खायचा मुकाट."

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने खाडीच्या काठावर नवीन व्हिडिओ केला. जागी चिंबोरी, बर्फ नाही. मी साडी वर खोचली. सगळ्या पायऱ्या करून दाखवल्या, मग ती म्हणाली, "आता कॅमेऱ्याकडे बघून सांग, पाय का ठेवायचा."

"लिही की तू."

"नाही. तूच सांगायचं. तू लाजलीस तर बघणारा पण लाजेल आणि हात घालेल. मग पुन्हा बोट जाईल."

मी काठावरच्या बायकांकडे बघितलं. त्या काम सोडून ऐकत होत्या. एकीने ओरडून म्हटलं, "सांग गो, सगळ्या जगाला सांग! उद्या आमचं गिऱ्हाईक तुझ्या कॉलेजात पाठवू!" सगळ्या हसल्या. मी कॅमेऱ्याकडे बघितलं आणि बोलले. चिंबोरीच्या पाठीवर पाय ठेवावाच लागतो. आम्ही सगळ्या ठेवतो. तुम्ही आजपर्यंत खाल्लेल्या चिंबोऱ्यांवर कोणाचा तरी पाय होता. खायच्या आधी त्या धुतात.

एवढंच. 

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा वर्गात. निघायच्या आधी नातीने बादलीत स्वतः हात फिरवून बघितला होता, बर्फ नाही ना म्हणून. तिचा हक्क होता.

मी भिंतीलगतच्या खुर्चीत बसले. बोलायला बंदी. नातीने विचारलं, शिकणारं कोण येतंय. कोणी हललं नाही. मागच्या वेळचं बोट सगळ्यांनी बघितलं होतं. नात एकेकाकडे बघत होती. शिकणारं कोणी मिळालं नाही तर चाचणी नाही, आणि चाचणी नाही तर वर्ष गेलं.

मग मॅडम खुर्चीतून उठल्या. "मी बसते."

वर्गात कुजबुज झाली. मॅडमनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मोबाईलवर धडा सुरू केला. माझं बोलणं वर्गभर ऐकू गेलं. पायाचं वाक्य आलं तसा मागच्या बाकावरचा एक दाढीवाला विद्यार्थी म्हणाला, "ई, पाय लावलेलं खाणार कोण?"

मला उत्तर देता येत नव्हतं. डोंबिवलीची मुलगी मागे न वळता म्हणाली, "तू बटाटा खातोस ना? तो काय गादीवर उगवतो?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, इस्त्रीची साडी वर खोचली आणि धड्यात सांगितल्याप्रमाणे आधी टोमॅटो मागितला. पहिला फच्चकन फुटला, रस साडीला उडाला. वर्गाने श्वास रोखला. मॅडमनी पाय पुसला आणि म्हणाल्या, "दुसरा." दुसरा फुटला नाही. त्यांनी तो पायाखाली तसाच दोन-तीनदा दाबून सोडून बघितला, मान हलवली.

मग चिंबोरी. नातीने ती बादलीतून फरशीवर सोडली. जागी, चिडलेली, नांग्या वर. मॅडम समोरून गेल्या. मी खुर्चीचा दांडा धरला. समोरून नाही, मागून, मागून! तोंडातून शब्द निघणार होता, मी जीभ चावली. मॅडम थांबल्या. मोबाईल उचलला, धडा मागे नेला, पुन्हा बघितला. मग वळसा घालून मागे गेल्या आणि डावा पाय ठेवला.

चिंबोरीने जोर केला. मॅडमचा चेहरा ताठ झाला, पाय हलला नाही. मग त्या एकदम म्हणाल्या, "हां! सोडला दम!" आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी जवळजवळ उठलेच. त्यांना कळलं होतं! शब्दांनी सांगितलेलं पायाला कळलं होतं. माझ्या आयेने मला ते कधी सांगितलं नव्हतं, मला ते कळायला रक्त लागलं होतं, आणि ही बाई दोन टोमॅटोंवर शिकली.

सुतळी भिजवायला त्या विसरल्या. परत धडा बघितला, भिजवली. मोठी नांगी, मग लहान. गाठ वाकडी बसली, पण मागे बसली. पाय काढला. चिंबोरी उचलली आणि वर्गाकडे धरली. नांग्या मिटलेल्या होत्या, तशाच राहिल्या.

मुलांनी बाकं बडवली. दाढीवाल्यानेही बडवलं. नात हसत नव्हती, ती मॅडमच्या तोंडाकडे बघत होती.

मॅडमनी हात धुतले, चपला घातल्या आणि नातीच्या कागदावर लिहिलं. मग म्हणाल्या, "पास. पण अहवालात एक पान वाढवायचं. तज्ज्ञाने पहिल्यांदा माहिती लपवली, का लपवली, आणि ती कशी सापडली, ते सगळं लिही. तुझ्या अहवालातलं तेच सगळ्यात चांगलं पान होईल."

नातीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिही. खरं आहे ते."

आता बोलायला बंदी नव्हती.

तिने ते पान लिहिलं. त्यात कोणाचं नाव नाही, तज्ज्ञ एवढंच लिहिलंय. ती बाई मी. कोलशेतला राहते, चिंबोऱ्या विकल्या, चौथी शिकले, एकाहत्तरावं चालू आहे.